उपग्रहाला नॅनो, मायक्रो म्हणताना या चुका टाळा

गड्ड्याची जत्रा उठली की सोलापुरातल्या शाळांना विज्ञान प्रदर्शनाचे वेध लागतात आणि ‘उपग्रहांचे प्रकार’ असा एक तरी तक्ता भिंतीवर चढतो. रंगरंगोटी झकास असते, गट चुकलेले असतात.

रूढ गट असे: 1000 किलोच्या वर मोठा, 500 ते 1000 मध्यम, 100 ते 500 मिनी, 10 ते 100 मायक्रो, 1 ते 10 नॅनो, 100 ग्रॅम ते 1 किलो पिको, त्याखाली फेम्टो. शेंगाचटणीचा 100 ग्रॅमचा पुडा तळहातावर ठेवा, पिको आणि फेम्टोमधली सीमा ती.

सर्वात हटवादी चूक म्हणजे चित्रात लहान दिसतो म्हणून लहान गटात टाकणे. 1957 चा स्पुटनिक हा 58 सेंटीमीटरचा गोळा, वस्तुमान 83.6 किलो. 1976 चा लॅजिऑसही 60 सेंटीमीटरचाच गोळा, पण आत पितळेचा गाभा असल्यामुळे भरतो 400 किलोच्या वर. शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतील. पण एक मायक्रो, दुसरा मिनी.

दुसरी चूक इंधनाची, आणि तिने चांगले तक्ते बुडवले आहेत. एका प्रदर्शनात मंगळयान एकाच तक्त्यावर दोनदा होते, वर ‘मोठा’ गटात आणि खाली ‘मिनी’त. मुलांनी दोन ठिकाणचे आकडे उतरवून घेतले होते, आणि गंमत म्हणजे दोन्ही बरोबर होते. 2013 मध्ये उड्डाण झाले तेव्हा यानाचे वस्तुमान 1337 किलो. त्यातले 852 किलो इंधन. वजाबाकी केली की उरतात 485. परीक्षकांनी विचारले, ‘यानं दोन होती का?’ गट ठरवताना इंधनासकट, उड्डाणाच्या वेळचे वस्तुमान धरा, कारण रॉकेटला उचलावे लागते ते सगळे. वहीत तीन रकाने आखा: भरलेले, इंधन, कोरडे. वजाबाकी जुळल्याशिवाय गटाचे नाव लिहू नका. दोन मिनिटांचे काम आहे, तरी घाईची मंडळी नेमके तेच गाळतात.

क्यूबसॅट (ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत बांधलेला छोटा उपग्रह) म्हणजे नॅनो, हे समीकरण पाठ करणारेही पुष्कळ. त्यातले ‘यू’ हे ठोकळ्याच्या आकाराचे माप आहे: 1यू म्हणजे 10 सेंटीमीटर लांबी-रुंदी आणि 11.35 सेंटीमीटर उंची. वस्तुमानाची मर्यादा मात्र बदलत गेली, आधी 1 किलो, मग 1.33, आता 2. त्यामुळे यूच्या आकड्यावरून किलो काढू नका. 2022 मध्ये चंद्राकडे गेलेला कॅपस्टोन 12यूचा क्यूबसॅटच, पण सुमारे 25 किलोचा, म्हणजे मायक्रो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा स्वयम् 1यूचा आणि जेमतेम 1 किलोचा, अगदी काठावर बसलेला.

काठावर असताना आकडा पूर्णांकात आणू नका. फेब्रुवारी 2023 मध्ये इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटने नेलेला जानुस-1 उपग्रह होता 10.2 किलोचा, त्याला ‘10’ लिहिले की तो नॅनोकडे घसरतो. त्याच्याच सोबतचा आझादीसॅट-2 मात्र 8.7 किलोचा, तो बिनघोर नॅनो.

बेरजेतही एकच वस्तू दोनदा धरू नका. चांद्रयान-3 मध्ये चंद्रापर्यंत ढकलत नेणारा भाग 2148 किलोचा आणि लँडर 1752 किलोचा, मिळून 3900 होतात. 26 किलोचा रोव्हर 1752 मध्येच धरलेला आहे. तो पुन्हा मिळवून 3926 करू नका.

अमेरिकी आकडा पौंडात असेल तर 2.205 ने भागा, अंदाजाने निम्मा करू नका.

मापे लिहिताना सौर पंख मिटलेले की उघडलेले तेही लिहा. घडी घातलेली सोलापुरी चादर आणि पलंगावर अंथरलेली चादर, वजन तेच, माप वेगळे. रॉकेटच्या टोकावरच्या कवचात मावते की नाही हे पाहायला घडीचे माप लागते.

‘स्मॉलसॅट’ म्हणजे छोटा उपग्रह, पण या शब्दापुढे वस्तुमानाची मर्यादा लिहायला विसरू नका. नासा ती साधारण 180 किलोवर ठेवते, इतर अनेक जण 500 वर.