गुब्बिओची सहल कशी आखावी: इंदूरकर प्रवाशांसाठी मार्गदर्शन

इंदूरहून युरोपला निघणाऱ्या बहुतेक सहलींत इटलीच्या वाट्याला चार-पाच दिवस येतात आणि ते रोम, फ्लोरेन्स व व्हेनिस यांतच संपतात. ज्यांना यातून दोन रात्री काढता येतील, त्यांनी त्या उंब्रिया प्रांतातील गुब्बिओ या डोंगरउतारावरच्या जुन्या गावासाठी राखून ठेवाव्यात. सकाळी येऊन संध्याकाळी परतण्याच्या बेताने मात्र तेथे जाऊ नये. दुपारी अनेक ठिकाणे जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतात आणि हातात उरलेला वेळ चढ-उतारांतच जातो.

सर्वांत आधी तारीख ठरवावी, कारण 15 मेचे गुब्बिओ आणि एरवीचे गुब्बिओ यांत फार अंतर आहे. गावाचे रक्षणकर्ते मानले जाणारे बिशप संत उबाल्दो यांचे 1160 मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे 15 मे रोजी, ‘चेरी’ नावाचे लाकडी मनोरे खांद्यावर घेऊन गावातून आणि पुढे डोंगरावर धावत नेले जातात. असे तीन मनोरे असतात. प्रत्येकाचे वजन सुमारे तीनशे किलो भरते आणि त्यांच्या शिरावर अनुक्रमे संत उबाल्दो, संत जॉर्ज आणि संत अँथनी यांच्या छोट्या मूर्ती बसवलेल्या असतात. वाहणाऱ्यांची पांढरी विजार व लाल कमरपट्टा सर्वांचा सारखाच असतो. सदरे मात्र पिवळे, निळे आणि काळे, ज्याच्या त्याच्या संतानुसार.

हा प्रकार शर्यतीसारखा दिसत असला, तरी शर्यत समजून पाहणाऱ्याची निराशा होते. तिघांचा क्रम कायमचा ठरलेला आहे: उबाल्दो पुढे, जॉर्ज मध्ये, अँथनी शेवटी. मागच्याने पुढच्याला ओलांडायचे नाही. गावकरी पाहतात ते मनोरा किती ताठ राहिला, वळणावर कलला का, भिंतीला टेकला का, हे. धावता धावताच दमलेला गडी बाजूला होतो आणि दुसरा त्याच्या जागी खांदा देतो. नजर ठेवावी ती या अदलाबदलीवर, कारण सगळे कसब तिथेच आहे. शेवटी डोंगरावरच्या बॅसिलिकाचा, म्हणजे मोठ्या चर्चचा, दरवाजा उबाल्दोचे वाहक मागच्यांच्या तोंडावर बंद करू पाहतात, आणि त्यावरची चर्चा गावात पुढे बरीच रंगते.

त्या दिवशी सकाळीच पियात्सा ग्रांदे या मुख्य चौकात जागा धरावी. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या पाहण्यासाठी जे संध्याकाळपासून रस्त्याच्या कडेला उभे राहिले आहेत, त्यांना या गर्दीची कल्पना लगेच येईल. दुपारी बाराच्या सुमारास मनोरे उभे केले जातात. त्याआधी त्यांवर मातीच्या सुरईतले पाणी ओतून ती सुरई गर्दीत भिरकावतात आणि तिच्या खापऱ्या मिळवण्यासाठी झुंबड उडते. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर चौकाच्या मध्यभागी अजिबात थांबू नये. धाव संध्याकाळी सुटते. चौकातल्या पालात्सो देई कोन्सोली या वाड्यावरची मोठी घंटा वाजवणारे हातांबरोबर पायांनीही तिला रेटतात, तेही मान वर करून पाहण्यासारखे आहे.

मेमध्ये जायचे असेल तर तयारी हिवाळ्यातच सुरू करावी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. त्यासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान तीन महिने असावी लागते. उत्सवाच्या रात्रीची खोली व्हिसाच्याही आधी शोधावी. रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून अँकोनाच्या मार्गावरील गाडीने फोस्सातो दी विको येथे उतरावे आणि तेथून सुमारे वीस किलोमीटर बसने जावे. रविवारी बस कमी असतात, म्हणून परतीचे वेळापत्रक उतरल्याबरोबर पाहून घ्यावे. स्थानिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात छापून घेतले नाही, तर तिकीट असूनही दंड होतो.

पहिल्या दिवशी पालात्सो देई कोन्सोली पाहावा. 1332 ते 1349 या काळात उभा राहिलेला हा वाडा आणि त्यापुढचा चौक उतारावर प्रचंड कमानींच्या आधाराने तोललेला आहे, हे खालच्या रस्त्यावरून पाहिले तरच कळते. आतील संग्रहालयात सात काशाच्या पाट्या आहेत. त्यांवर उंब्रियन या लुप्त भाषेत यज्ञ, शकुन आणि नगराभोवतीच्या शुद्धिकरणाचे विधी कोरलेले आहेत. काही मजकूर उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या जुन्या लिपीत, काही रोमन लिपीत. 1456 मध्ये नगराने त्या विकत घेतल्या, आणि मोबदल्यात मालकाला दोन वर्षांचा चराईचा हक्क दिला. माझ्या मते गुब्बिओत एकच वस्तू पाहायची झाली, तर ती हीच. चेरीच्या उत्सवाचे मूळ या ख्रिस्तपूर्व विधींत आहे असे काही अभ्यासक मानतात, पण तसा ठोस पुरावा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजीनो डोंगरावर जावे. येथील रोपवे म्हणजे दोन माणसे उभ्याने मावतील असे उघडे पिंजरे. ते थांबत नाहीत, चालत्यातच चढावे लागते. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना उंचीची भीती वाटते, त्यांनी मोटारीने जावे. वर बॅसिलिकात संत उबाल्दो यांचा देह काचेच्या पेटीत ठेवलेला आहे, आणि मे महिन्याचे दिवस सोडले तर तिन्ही मनोरे येथेच असतात. म्हणजे उत्सव चुकला तरी ते जवळून पाहता येतात. डिसेंबरात गेल्यास 7 तारखेपासून याच डोंगरउतारावर दिव्यांनी रेखलेला साडेसहाशे मीटरहून उंच नाताळवृक्ष दिसतो. उतरल्यावर बार्जेल्लोच्या कारंज्याभोवती तीन फेऱ्या मारून ‘वेडेपणाचा परवाना’ घेण्याची गंमत आहे. गावाखालचे रोमन नाट्यगृह आणि 22 जून 1944 रोजी जर्मन सैन्याने गोळ्या घातलेल्या चाळीस नागरिकांचे स्मारक, ही दोन्ही ठिकाणे सपाटीवर असल्याने शेवटी ठेवावीत.

शाकाहारी मंडळींनी जेवताना विचारून घ्यावे, कारण या भागात डुकराच्या मांसाचा वापर भरपूर आहे. तव्यावर भाजलेली ‘क्रेश्चा’ ही जाड पोळी पालेभाजी व चीज घालून मागवता येते, मात्र तिच्या पिठात चरबी नाही ना, हे आधी विचारावे. नेहमीच्या पावात मीठच नसते. शेवेवर वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घासाला विचित्र लागतो, तेव्हा लोणच्याची बाटली पिशवीत असलेली बरी. ती विमानात सामानाबरोबर द्यावी, हातातल्या पिशवीत ठेवल्यास सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाण्याची शक्यता असते.