चाळीतल्या खोलीची भाडेपावती वारसाच्या नावावर कशी करावी

खोली आजोबांच्या नावावर. आजोबा कधीच गेले, पाठोपाठ वडीलही गेले, तरी पावती अजून आजोबांच्याच नावाने फाटते. गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव, कुठेही जा, जुन्या चाळीत अशी घरं सापडतातच. भाडं घेतलं जातंय, कुणी हरकत घेत नाही, म्हणून सगळे निवांत असतात. मग मालक इमारत विकतो किंवा पुनर्विकासाच्या यादीचं काम सुरू होतं, आणि प्रश्न येतो: तुम्ही कोण? त्या दिवसापर्यंत हे काम ठेवू नका. माणूस गेल्यावर दिवसकार्य उरकलं की महिन्याभरात मालकाला पत्र गेलं पाहिजे.

आधी पावती हातात घ्या आणि मालक कोण ते वाचा. खाजगी मालक किंवा ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. सरकारच्या किंवा महापालिकेच्या मालकीच्या चाळींना हा कायदा लागू नाही, त्यांचे हस्तांतराचे नियम वेगळे. त्यामुळे महापालिकेच्या चाळीतल्या शेजाऱ्याने सांगितलेली रीत पागडीच्या, म्हणजे मालकाला ठोक रक्कम देऊन भाड्याने घेतलेल्या, खोलीला लावू नका, उलटही करू नका. इमारत उपकरप्राप्त आहे, म्हणजे तिच्यावर दुरुस्तीचा उपकर (सेस) भरला जातो, तिची दुरुस्ती म्हाडाचं रिपेअर बोर्ड करतं, म्हणून ती म्हाडाची झाली असंही समजू नका. बोर्ड दुरुस्ती करतं, मालक मालकच राहतो.

मृत्यूचा दाखला, जुन्या पावत्या, रेशनकार्ड, आधार, लाइटबिलं. यांच्या प्रती काढून ठेवा.

हक्क कुणाचा?

इथेच लोक सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ घालवतात. कायद्याच्या कलम ७ (१५) (डी) मध्ये लिहिलं आहे की राहत्या घराचा भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तिथे राहत असलेला कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. तसं कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. म्हणजे पहिला प्रश्न वारस कोण हा नाही, सोबत कोण राहत होतं हा आहे.

म्हणून वारस दाखला काढण्यात सहा-आठ महिने घालवू नका, त्याने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. मृत्युपत्राचंही तेच. ‘खोली धाकट्याच्या नावे केली आहे’ असं वडील लिहून गेले असले, तरी भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली १९९४ साली हे स्पष्ट केलं. तरीही मृत्युपत्र नोंदवून घ्या म्हणणारे आजही भेटतात, आणि म्हातारी माणसं आजारपणात रजिस्ट्रारच्या कचेरीच्या पायऱ्या चढतात. त्यांना हा त्रास देऊ नका. त्याऐवजी ती हयात असतानाच सोबत राहणाऱ्याचं नाव त्याच पत्त्यावर रेशनकार्डात, मतदारयादीत, बँकेच्या पासबुकात, गॅसच्या कार्डावर आहे ना, हे बघा. मुलाने डोंबिवलीला किंवा विरारला घर घेतलं, नाव तिकडे नेलं, आणि आई एकटी चाळीत राहिली, तर ‘सोबत राहत होतो’ हे सिद्ध करणं जड जातं. अशा वेळी आईची सेवा करायला तिथेच राहणाऱ्या मुलीचा दावा मुलापेक्षा भक्कम असतो. कायद्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही, आणि भावांनी तो धरू नये.

भावंडांचं एकमत असेल तर ते लगेच कागदावर आणा. बाकीच्यांनी ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र करून नोटरीकडे सही करावी. १०० रुपयांचा स्टँप २०२४ च्या ऑक्टोबरपासून बंद झाला आहे. प्रतिज्ञापत्रात ‘अमुक हा आई-वडिलांच्या निधनावेळी त्यांच्यासोबत याच खोलीत राहत होता’ हे वाक्य हवंच. नुसत्या ‘आमची हरकत नाही’ने भागत नाही.

मालकाला पत्र, आणि भाडं

सगळ्यात अवघड टप्पा हाच. बाकीचं काम कुणीही करतो, इथे माणसं अडकतात. मीही सुरुवातीला इथेच अडकत होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पत्र विनंतीचं लिहू नका. ‘कृपया खोली माझ्या नावे करून द्यावी’, ‘मला भाडेकरू म्हणून घ्यावे’ अशी वाक्यं चुकूनही घालू नका. त्यातून असा अर्थ निघतो की आज तुम्ही भाडेकरू नाही आणि मालकाने मेहेरबानी केली तर व्हाल. कायद्याने तुम्ही भाडेकरू झालेलेच आहात. मालकाला फक्त कळवायचं आहे. मजकूर साधारण असा:

‘माझे वडील कै. ... हे आपल्या इमारतीतील खोली क्र. ... चे भाडेकरू होते. दि. ... रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी मी त्यांच्यासोबत याच खोलीत राहत होतो व आजही राहत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७ (१५) (डी) नुसार मी सदर खोलीचा भाडेकरू आहे. यापुढील भाडेपावत्या माझ्या नावे द्याव्यात. ... महिन्याच्या भाड्याचा धनादेश क्र. ... सोबत जोडला आहे.’

शेवटची ओळ विसरू नका. पत्रासोबत भाडं गेलंच पाहिजे, आणि ते तुमच्या स्वतःच्या खात्यातून. पत्र पोस्टाने पाठवा, पोच घ्या. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामावलं, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा छापून ठेवा. मेहताजीच्या, म्हणजे मालकासाठी भाडं गोळा करणाऱ्या माणसाच्या, हातात पत्र देऊन ‘शेठना दाखवतो’ यावर विसंबू नका.

आता मालक काय करतो ते ऐका. बहुतेक वेळा तो काहीच करत नाही. चेक वटवत नाही, पत्राला उत्तर देत नाही, मेहताजी भाडं घ्यायला येणं बंद करतो. घरचे खूश होतात की भाडं वाचलं. यात वाचलेलं काही नसतं, थकबाकी साचत असते. मालकाला थकबाकीच हवी असते, कारण नियमित भाडं भरणाऱ्याला भाड्याच्या कारणावरून काढता येत नाही. म्हणून दर महिन्याला, किंवा पावती ज्या मुदतीची फाटते त्या मुदतीला, चेक पाठवत राहा. एखादी मनीऑर्डरही करा. ती नाकारली गेली तर पोस्टमनचा ‘घेण्यास नकार’ हा शेरा सोन्याच्या मोलाचा आहे. परत आलेलं पाकीट उघडू नका, तसंच ठेवून द्या. खात्यात तेवढे पैसे कायम शिल्लक ठेवा. मालकाने हातातले चेक एकदम टाकले आणि एक परत गेला, तर त्याचाच दाखला कोर्टात दिला जातो.

मेहताजीच्या फोनवर यूपीआय करू नका. त्याच्या वैयक्तिक खात्यात गेलेले पैसे मालकाला मिळाले हे दाखवणं कठीण जातं. मालक वारला असेल आणि त्याची मुलं भांडत असतील, तर शेवटच्या पावतीवर जे नाव आहे त्याच नावाने भाडं पाठवा आणि पत्राच्या प्रती सगळ्यांना धाडा. त्यांच्या घरच्या भांडणात कुणाची बाजू घेऊ नका.

मालक बोलवून घेतो तो दुसरा प्रकार, आणि तो जास्त धोक्याचा. माझ्या ओळखीच्या एका घरात वडील गेल्यावर पंधरा दिवसांत कागद समोर आले. ‘पावती बदलायचा फॉर्म आहे, सही करा.’ तो कागद अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करारनामा होता. त्यावर सही केली की अनेक पिढ्यांचा भाडेकरू लायसन्सी म्हणून कागदावर येतो आणि अकरा महिन्यांनी त्याला उठवण्याचा रस्ता मोकळा होतो. मालकाने पुढे केलेल्या छापील फॉर्मवर सही करूच नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच. कितीही गोड बोलले, चहा पाजला, तरी ‘घरी नेऊन वाचतो’ एवढंच म्हणा.

तिसरा प्रकार पैशांचा. ‘ट्रान्सफरचे ३३ टक्के द्यावे लागतील.’ पागडी हस्तांतरात मालकाचा वाटा घेण्याची रीत आहे, आणि कलम ५६ ने हस्तांतराला संमती देण्यासाठी रक्कम घेणं कायदेशीर केलं आहे. पण ते तुम्ही खोली तिऱ्हाइताला देता तेव्हा. सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क कायद्यानेच येतो, तिथे मालकाच्या संमतीचा प्रश्न उद्भवत नाही, मग संमतीचे पैसे कसले? ‘मिटवून टाका’ असा सल्ला देणारे शेजारी खूप असतात. माझं मत ठाम आहे: देऊ नका. देताच असाल तर निदान पावती घेतल्याशिवाय रोख देऊ नका.

शेवटी पावती मिळाली की वाचा. नाव, खोली क्रमांक, मुदत. आणि ‘भाडे’ हा शब्द आहे का ते बघा. ‘भरपाई’ किंवा ‘कॉम्पेन्सेशन’ लिहिलं असेल, म्हणजे तुम्हाला भाडेकरू मानलेलं नसेल, तर त्याच आठवड्यात पत्र पाठवून हरकत नोंदवा. भाडं घेतल्यावर लेखी पावती देणं कलम ३१ ने मालकाला बंधनकारक आहे.

मालक अडूनच बसला

मुंबईत धोबी तलावच्या स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे लघुवाद न्यायालयात, आपण भाडेकरू आहोत असं जाहीर करून मागता येतं. वकील भाडे कायद्याचंच काम करणारा बघा.

मालकाने थकबाकीची नोटीस काढली तर घाबरू नका, पण झोपूही नका. मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस जाईपर्यंत थकबाकीसाठी दावा लावता येत नाही. दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळं भाडं १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरलं, पुढे निकालापर्यंत नियमित भरत राहिलं आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीवरून खोली जात नाही. ही मुदत चुकवणाऱ्याला नंतर कुणी वाचवू शकत नाही.

आपण काय पाळायचं

कागद कितीही पक्के असले तरी स्वतःच्या वागण्याने खोली गमावता येते. सहा महिने सलग, सबळ कारणाशिवाय खोली राहण्यासाठी वापरली नाही तर तेवढ्यावर मालक ताबा मागू शकतो. लाइटबिलावर युनिट शून्याजवळ असतील तर तीच बिलं पुराव्यात येतात. तेव्हा ‘पुनर्विकास होईपर्यंत कुलूप लावून ठेवू’ हा बेत सोडा. पोटभाडेकरू किंवा पेइंग गेस्ट ठेवू नका. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, खिडकी, फॉल्स सीलिंग यांना कायदा पक्कं बांधकाम मानत नाही, पालिकेची परवानगी जिथे लागते तिथे घ्यावी लागते. स्लॅबचा पोटमाळा मात्र मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काढला तर खोलीवरच गदा येते.

दुरुस्तीची जबाबदारी कलम १४ ने मालकावर आहे. तो करत नसेल तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि भाड्यातून कापावी, अशी सोय आहे. पण कापायची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शाची. चाळीच्या भाड्याचा पाव हिस्सा म्हणजे काय, ते तुम्हीच मोजा. गळती, टेकू, जिन्याची पडझड असेल तर सगळ्या मजल्यांच्या सह्या घेऊन रिपेअर बोर्डाच्या आपल्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे अर्ज करा. मालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर कलम २९ खाली तातडीने कोर्टात जाता येतं.

नाव बदललेल्या पावतीची प्रत बोर्डाच्या कार्यालयात देऊन शिक्क्याची पोच घ्या. पुनर्विकासात पात्र रहिवाशांची यादी बोर्ड प्रमाणित करतं आणि विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३ (७) खाली किमान ३०० चौरस फुटांचं घर त्या यादीवरून मिळतं. एका खोलीच्या दोन पावत्या करून दोन घरं मिळवण्याची कल्पना कुणी सांगेल, तिच्या नादी लागू नका: १३ जून १९९६ नंतर तयार केलेले भाडेहक्क त्यात धरले जात नाहीत. भावांना वाटणी हवी असेल तर ती आपसातल्या करारात लिहा. पावती एकच राहू द्या.