साहेबांचा मेसेज आला म्हणून पेमेंट सोडू नका : ऑफिसात हमखास होणाऱ्या चुका

शुक्रवार, संध्याकाळचे ६. अंधेरीच्या ऑफिसात अकाउंट्सची माणसं बॅगा आवरतायत, लोकल चुकायला नको. तेवढ्यात नव्या नंबरवरून, पण एमडींचाच फोटो लावलेला मेसेज येतो : "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस. या खात्यात ८ लाख आरटीजीएस कर, कागद सोमवारी देतो." आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम लगोलग पाठवायची बँकेची सोय, डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू असते, त्यामुळे "बँक बंद झाली" हा अडसरही उरलेला नाही.

त्याच वाटेने खात्री करणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. "सर, नक्की ना?" असं त्याच चॅटवर विचारलं, तर उत्तर ठगच देणार. आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन लावा. "फोन करू नकोस" असं लिहिलं असेल तर आवर्जून लावा.

पुरवठादाराच्या नावाने "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल येतो, तिथेही हाच नियम. पत्ता अक्षर-अक्षर वाचा. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी बसवले, तर घाईत फरक कळत नाही, आणि मोबाइलवर तर नुसतं नावच दिसतं. पण पत्ता बरोबर निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका. पुरवठादाराचाच मेलबॉक्स हॅक झालेला असेल, तर पत्ता खरा, सही खरी, खालचा जुना पत्रव्यवहारही खरा. खोटा फक्त खाते क्रमांक. म्हणून नंबर मेलखालच्या सहीतून उचलू नका, जुन्या परचेस ऑर्डरमधून घ्या.

"१ रुपया पाठवला, पोचला" यावरून खातं चालू आहे एवढंच कळतं. त्यापेक्षा ५ रुपये ३७ पैसे अशी आडवीतिडवी रक्कम पाठवा आणि जुन्या नंबरवर फोन करून "किती जमा झाले?" ते विचारा. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी पाहता येतं. ते पाहाच, पण मिळत्याजुळत्या नावाने खातं उघडणारेही असतात.

"आयटीमधून बोलतोय"

आयटीवाल्यांना तुमचा ओटीपी कधीच लागत नाही. स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा आणि आयटीच्या एक्स्टेंशनवर स्वतः विचारा. *४०१* आणि पुढे एखादा नंबर डायल करायला लावतात, तेव्हा तुमचे कॉल तिकडे वळतात आणि कॉल करून सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच जातो. डायल झालंच असेल तर ##००२# लावून रद्द करा.

दार धरून ठेवणं

दोन्ही हातांत खोकी घेतलेल्या माणसासाठी आपण ऑफिसचं दार सहज धरतो, पण तो परका असू शकतो. खोकी जरूर धरा, कार्ड मात्र त्याचं त्यालाच लावू द्या.

चूक लपवणं

ओरडा बसेल या भीतीने माणसं सोमवारपर्यंत गप्प राहतात, आणि पैसे तोवर चार खात्यांतून फिरून बाहेर पडलेले असतात. वरिष्ठांनी इथे एकही रागाचा शब्द काढू नये. जाणारी मिनिटं मोलाची असतात. लगेच आपल्या बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, यूटीआर (बँकेने व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका. मूळ मेल आहे तसा जपा, कारण साध्या फॉरवर्डमध्ये तो कुठून आला याची तांत्रिक नोंद गळून जाते. सिस्टिममध्ये कुणी शिरल्याचं लक्षात आलं, तर कंपनीने ६ तासांच्या आत सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी यंत्रणा) कळवणं बंधनकारक आहे.