केपसायटाबिनच्या गोळ्या घरी घेताना

केमोची ही गोळी घरी घ्यायची असली, तरी तिला साधी समजू नका. सकाळ-संध्याकाळ साधारण 12 तासांच्या अंतराने, खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. बहुतेकदा 14 दिवस गोळ्या आणि 7 दिवस सुट्टी असते. कॅलेंडरवर खुणा करा. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही.

सगळ्यात जास्त छळतात ते तळहात-तळपाय. लाल होतात, चुरचुरतात, सोलतात. युरिया असलेलं क्रीम पहिल्या दिवसापासून लावा, गरम पाण्यातली भांडी घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवा, घट्ट चपला नकोत. दुखून कामं अडायला लागली तर सोसत बसू नका. डॉक्टर डोस थांबवून किंवा कमी करून त्रास आटोक्यात आणतात. दिवसात नेहमीपेक्षा 4 किंवा जास्त वेळा जुलाब झाले, किंवा ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर रात्र असली तरी फोन करा. पुढची गोळी त्यांना विचारूनच.

आणि हो, ‘ताकद येईल’ म्हणून पाहुण्यांनी आणलेली मल्टिव्हिटॅमिन परस्पर सुरू करू नका. त्यातल्या फॉलिक अॅसिडमुळे या औषधाचे दुष्परिणाम वाढू शकतात. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा.