सायकलही चालवायची, पायीही हिंडायचं: पेडल आणि बूट कसे निवडावेत

बहुतेक जण आधी पेडल ठरवतात आणि मग त्यावर चालतील असे बूट शोधतात. सायकल लावून पुढे पायी जायचं असेल, तर हा क्रम उलटा करावा. पेडल सायकलपाशीच राहतं, बूट मात्र दिवसभर पायात असतात. म्हणून आधी बूट, मग पेडल.

पहिली पायरी: आपलं चालणं कसं आहे ते ठरवा

सायकल लावून ऑफिसच्या दोन जिन्यांपुरतं चालायचं, की तासभर फरशीवर उभं राहायचं, की दगडमातीच्या चढावर सायकल ढकलत न्यायची? या तिन्हींसाठी बूट वेगळे लागतात. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या सफरीचा विचार बाजूला ठेवा आणि आठवड्यातल्या नेहमीच्या दिवसांसाठी खरेदी करा.

दुसरी पायरी: बुटाचा तळ हातानं तपासा

यात घाई करू नका, कारण पायदुखीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात पुढचं टोक धरून बूट वाकवा. तो चवड्यापाशी वाकायला हवा, कारण चालताना पाय तिथेच वाकतो. मधोमध, तळपायाच्या कमानीखाली दुमडत असेल, तर तो सायकलसाठी फार मऊ आहे. मग ओलं फडकं पिळतो तसा पिळून पाहा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. आणि कुठेच वाकत नसेल, तर पेडलवर तो छान वाटेल, पण चालताना टाच बुटातून वर निसटत राहील.

धावण्याचे बूट इथे कमी पडतात. त्यांचा जाड, मऊ फोम प्रत्येक दाबाला दबतो, लहान पेडलची कड तळपायाला जाणवू लागते आणि लांबच्या फेरीत चवडा दुखतो किंवा बोटं बधिर होतात. ट्रेकिंगच्या बुटांची अडचण वेगळी. त्यांच्या तळाला खोल खाचा असतात आणि पेडलच्या पिना, म्हणजे पकडीसाठी वर आलेली बारीक टोकं, नेमक्या त्या खाचांत जातात, त्यामुळे पकड बेभरवशाची होते. शिवाय बूट घोट्याशी रुंद असला तर तो क्रँकला, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्याला, घासतो. मला सर्वांत सोयीचे वाटतात ते सपाट, चिवट रबरी तळाचे बूट. स्केटबोर्डिंगचे किंवा माउंटन बाइकिंगसाठी फ्लॅट पेडलवर (पाय न अडकवणाऱ्या सपाट पेडलवर) वापरायचे बूट याच जातीचे.

बूट संध्याकाळी घालून पाहा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र घट्ट बसलेली हवी. लेसचं टोक खोचता येतं का तेही बघा. उजव्या पायाची सुटी लेस चेनरिंगमध्ये (पेडलजवळच्या दातेरी चक्रात) अडकली, तर पाय तिथेच खेचला जातो.

तिसरी पायरी: पेडल निवडा

चालणं जास्त असणाऱ्या बहुतेकांना चांगलं फ्लॅट पेडल पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. एकसारख्या वेगात सायकल चालवताना जोर मुख्यतः खाली दाबण्यातूनच येतो, वर येणारा पाय फार तर स्वतःचं वजन उचलतो. म्हणून पाय पेडलला बांधून घेतल्याशिवाय दम टिकणार नाही, ही भीती सोडून द्या.

फ्लॅट पेडलमध्ये दोन गोष्टी बघा. एक, रुंदी: चवडा पूर्ण टेकेल एवढी जागा हवी. लांबी-रुंदी 10 सेंटीमीटरच्या आसपास असलेली पेडलं बऱ्याच पायांना पुरतात. दुसरी, पकड. धातूच्या, बदलता येणाऱ्या पिना असतील तर पावसातही बूट जागचा हलत नाही. मात्र याच पिना नडगीला लागल्या तर चांगलंच खरचटतं आणि पातळ, नाजूक तळही त्या कुरतडतात. साध्या शहरी वापराला खरबरीत रबराची किंवा नायलॉनची पेडलं चालतात. गुळगुळीत प्लास्टिकची पेडलं नकोत, ओल्या बुटाखाली ती धोक्याची ठरतात.

खडबडीत रस्त्यावर पाय उडतो किंवा लांबच्या फेऱ्यांत पाय एका जागी राहायला हवा वाटतो, अशांनी क्लीटवाली पेडलं जरूर घ्यावीत. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा. पण प्रकार नीट निवडा. लूक कंपनीनं 1984 मध्ये बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायच्या पद्धतीवरून जी पेडलं आणली, त्यांच्या वंशातली रोड बाइकची क्लीट मोठी असते आणि तळाबाहेर येते. ती घालून जिना उतरणं म्हणजे कसरत, आणि चालण्यानं ती झिजतेही भराभर. चालायचं असेल तर क्लीट दोन बोल्टनं बसवायची एसपीडी पद्धत घ्यावी. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीनं ती 1990 मध्ये आणली. तिची क्लीट छोटी, धातूची असते आणि तळातल्या खोबणीत बसते.

क्लीट बसवलेला बूट सपाट फरशीवर ठेवा आणि डोळे जमिनीच्या पातळीला आणून बाजूनं पाहा. क्लीट आणि फरशी यांत फट दिसली पाहिजे. मग बूट घालून वजन टाका आणि चार पावलं चाला. टक-टक आवाज आला तर खोबण उथळ आहे किंवा रबर जास्त दबतंय. असे बूट गुळगुळीत दगडी पायऱ्यांवर घसरतात.

दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी अशी पेडलंही मिळतात. रोज साधे बूट, सुटीच्या दिवशी क्लीटचे. निघताना योग्य बाजू वर आणावी लागते, एवढाच त्रास.

चौथी पायरी: बसवा आणि सीट जुळवा

बहुतेक सायकलींच्या पेडलचे आटे 9/16 इंचाचे असतात. एकसंध क्रँकच्या सायकलींना 1/2 इंचाचे लागतात. पाना 15 मिलीमीटरचा, काही पेडलांना मागून 6 किंवा 8 मिलीमीटरची ॲलन की. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. साधा नियम असा: पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडलं आवळली जातात. आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवातीचे फेरे हातानंच द्या, म्हणजे आटे वाकडे चढणार नाहीत. जाड तळाचे बूट घेतले असतील तर सीटही तेवढीच वर घ्यावी लागते, नाहीतर गुडघ्यावर ताण येतो.

पाचवी पायरी: सराव

क्लीट वापरणार असाल तर आधी भिंतीला टेकून सराव करा. टाच बाहेर फिरवली की बूट सुटतो. पेडल क्लीटला किती घट्ट धरतं ते ठरवणारा ताणाचा स्क्रू सुरुवातीला शक्य तितका सैल ठेवा, आणि थांबायच्या आधीच एक पाय सोडवायची सवय लावा. कोणत्याही दिशेनं सुटणारी क्लीट मिळते. शिमानोची एसएच-56 तशी आहे. नवख्यांनी तीच घ्यावी.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर क्लीटचे बोल्ट 4 मिलीमीटरच्या ॲलन कीनं पुन्हा आवळा. बोल्ट सैल झाला की टाच फिरवल्यावर बुटाबरोबर क्लीट फिरत नाही आणि पाय सुटत नाही. तसं झालंच तर पेडलशी झटापट करू नका. खांबाचा किंवा भिंतीचा आधार घ्या, लेस सोडवा, पाय बुटातून बाहेर काढा आणि बूट नंतर निवांत सोडवा.