हॉटेलचा इंटरकॉम चार आकडी करण्याआधी

पहिलं काम कागद-पेन्सिलचं. ईपीएबीएक्स म्हणजे हॉटेलातले सगळे फोन जोडणारा बोर्ड. त्याच्या प्रोग्रामिंगला हात लावण्याआधी ० ते ९ आकडे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर तो कुणाच्या ताब्यात आहे ते मांडा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ० दाबला की बाहेरची लाईन आणि ९ दाबला की रिसेप्शन. काही बोर्डांवर नेमकं उलटं. ७ किंवा ८ ने सुरू होणारे कोड काही यंत्रांनी ट्रान्सफर (फोन दुसऱ्याकडे वळवणं), पिकअप (दुसऱ्याचा वाजणारा फोन आपल्याकडून उचलणं) वगैरेंसाठी अडवून ठेवलेले असतात, तेव्हा मॅन्युअल उघडून खात्री करा. मालक विचारतात, तीन आकडी ठेवू की चार आकडी? मी आधी विचारतो, पहिला आकडा कोणता. कारण सगळी गोम १ मध्ये आहे.

खोलीचा नंबर तोच एक्स्टेन्शन, म्हणजे फोनचा आतला नंबर, ही पद्धत लक्षात ठेवायला सोपी म्हणून सगळीकडे पडलेली. पण १०१ अग्निशमन दलाचा, १०२ आणि १०८ रुग्णवाहिकेचे, ११२ सगळ्या मदतीचा मिळून. खोलीत धूर भरलेला पाहुणा १०१ फिरवतो आणि पहिल्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत घंटी वाजते. आधी शून्य दाबायचा असतो हे त्याला त्या क्षणी कोण सांगणार? म्हणून खोलीच्या नंबराआधी एक आकडा जोडायचा, आणि तो १ नको. १ जोडलात तर खोली १२० चं ११२० होतं, आणि कुणी ११२ फिरवलं की यंत्र चौथ्या आकड्याची वाट बघत बसतं. २ जोडा: २१०१, २१०८, वरच्या मजल्यावर २२०१. स्टाफला ३ द्या. त्यात किचन, हाउसकीपिंग, पंपरूम, लिफ्टमधला फोन आणि गेटवरचा वॉचमन मोजायला विसरू नका. वॉचमन नेहमी शेवटी आठवतो.

आता यादीवरून एक नजर फिरवा: एखादा नंबर दुसऱ्या नंबराची सुरुवात तर नाही ना? मॅनेजरसाहेबांना त्यांचा जुना २१ प्रिय असतो. तो ठेवलात तर २१०१ फिरवताना एक तर दोन आकड्यांवरच साहेबांची घंटी वाजेल, नाहीतर साहेबांना फोन लावणारा दरवेळी काही सेकंद शांतता ऐकेल. साहेबांना समजावणं हेही तयारीतच येतं.

बाहेरून येणाऱ्या फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज असेल तर तोही तपासा. ‘बुकिंगसाठी २ दाबा’ आणि खोल्याही २ ने सुरू, म्हणजे तोच घोळ. तिथं १ मोकळा आहे, तो वापरा.

यंत्र हे करू देतं का, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. थ्रीसीएक्ससारखी संगणकावर चालणारी फोन प्रणाली एक्स्टेन्शन किती आकडी हे बसवतानाच विचारते, नंतर ते सहजी बदलता येत नाही. अ‍ॅस्टेरिस्क या तशाच दुसऱ्या प्रणालीवर तसं बंधन नाही, तिथं डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कोणते आकडे दाबले की फोन कुठे जायचा त्या नियमांत, आकड्यांचा नमुना लिहायचा असतो. आयपी फोन (नेटवर्कच्या केबलवर चालणारे) असतील तर त्यांच्या आतही डायल प्लॅन असतो. तो तीन आकड्यांवर अडकलेला असला की २१० झाल्याबरोबर फोन कॉल पाठवून मोकळा होतो आणि शिव्या बोर्डाला बसतात. जुन्या प्रोग्रामिंगची प्रत पेनड्राइव्हवर आणि छापील, दोन्ही काढून ठेवा.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरकडे मात्र वेळ द्या. चेक-इनला खोलीची बाहेरची लाईन उघडणं, चेक-आउटला बंद करणं, वेक-अप कॉल, सगळं खोली आणि एक्स्टेन्शनच्या जोडीवर चालतं. एका हॉटेलात मी क्रोनवरच्या, म्हणजे खोल्यांच्या तारा जिथं एकत्र येतात त्या पट्टीवरच्या, तारांच्या जोड्या बघून नंबर ओळीनं भरत गेलो: २१११, २११२, २११३. त्या हॉटेलात ११३ नंबरची खोलीच नव्हती. ११४ पासून पुढचं सगळं एकानं सरकलं. पहाटे साडेचारचा वेक-अप ११५ चा होता, उठले ११६ वाले. ११५ ची गाडी चुकली आणि मला सकाळी सातला फोन आला. तेव्हापासून मी बोर्डावरचं पोर्ट, तारांची जोडी, खोली आणि नवा नंबर असा चार रकान्यांचा तक्ता करतो आणि प्रत्येक दाराबाहेर उभं राहून खोलीचा नंबर डोळ्यांनी वाचतो.

छपाईला आठवडा आधी द्या: खोलीतलं कार्ड, फोनवरचं स्टिकर, रिसेप्शनची यादी. कार्डावर मोबाईलचा मुद्दा ठळक हवा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला आधी ० लागतो, म्हणजे पाहुण्याला लाईनीचा एक आणि मोबाईलचा एक असे दोन शून्य. यंत्राला दुसरा शून्य आपोआप जोडता येत असेल तर जोडून टाका, कार्डावर एक ओळ कमी.

बदल दुपारी, चेक-आउट आणि चेक-इनच्या मधल्या वेळात करा, शनिवार-रविवार नाहीच. पण १०१, १०२, १०८, ११२ त्याच दिवशी थेट बाहेर सोडू नका. हाउसकीपिंगच्या मावशी दहा वर्षं खोली १०८ ला १०८ च लावत आल्यात. चादरी बदलायच्या का विचारायला त्या रुग्णवाहिका बोलावतील. पहिले पंधरा दिवस हे चारही नंबर रिसेप्शनवर वाजवा, तिथं चोवीस तास माणूस बसवा आणि कोणत्या खोलीतून फोन आला ते त्याच्या फोनवर दिसू द्या. सवय मोडली की मग शून्याशिवाय थेट बाहेर. तेव्हाही रिसेप्शनवर खोलीचा नंबर उमटला पाहिजे, कारण तिकडून उलटा फोन आला तर तो हॉटेलच्या मुख्य लाईनवर येतो, खोलीत नाही. चाचणीसाठी ११२ लावलात तर चाचणी आहे हे आधी सांगा, मगच फोन ठेवा.