लैंगिक अत्याचारानंतरचे उपचार: मोफत काय, विम्यातून काय, आणि फॉर्म भरताना काय जपायचं

आरोग्य विम्याचं कार्ड काउंटरवर ठेवायची घाई करू नका. बलात्कार, सामूहिक बलात्कार, ॲसिड हल्ला आणि पॉक्सो कायद्याच्या कलम ४, ६, ८ व १० मधले मुलांवरचे लैंगिक हल्ले, या गुन्ह्यांत पीडित व्यक्तीला प्रथमोपचार किंवा वैद्यकीय उपचार लगेच आणि विनामूल्य द्यायचे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं. हे सरकारी रुग्णालयाला लागू आहे तसंच खासगीलाही. (१ जुलै २०२४ पूर्वी ही तरतूद, पॉक्सोची कलमं सोडून, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-सी या क्रमांकाने होती, अनेक डॉक्टरांना तोच आकडा आठवतो.) उपचार न दिल्यास रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कार्ड दाखवलं की केस पेपरवर पेमेंटच्या रकान्यात ‘इन्शुरन्स’ पडतं आणि फाइल टीपीए डेस्ककडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे) सरकते. जे फुकट मिळायला हवं ते विम्याच्या रकमेतून वळतं व्हायला लागतं आणि झालेली गोष्ट आणखी तीन-चार टेबलांवर पोचते. विमा लागतो, पण नंतर आणि वेगळ्या कामासाठी.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर

आधी उपचार, मग कागद. एफआयआर झालेली नसली, पोलिसांचं पत्र नसलं, तरी उपचार थांबवता येत नाहीत. मुलांच्या बाबतीत तर पॉक्सो नियम २०२० मधल्या नियम ६ नुसार डॉक्टरने कोणताही कागद आधी मागायचाच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, ते त्याचं कायदेशीर काम आहे. सज्ञान व्यक्तीने तक्रार द्यायची की नाही, हा तिचा निर्णय. नको असेल तर तसा नकार केस पेपरवर नोंदवून घ्या आणि उपचार चालू ठेवा. तपासणीलाही तिची संमती लागते. ‘टू फिंगर टेस्ट’ला (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) साफ नकार द्या. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ती करणाऱ्याला गैरवर्तणुकीबद्दल दोषी धरायला सांगितलं आहे.

डिपॉझिट मागितलं तर वाद घालत बसू नका. “कलम ३९७ खाली मोफत उपचार हवेत, नाकारत असाल तर तसं लेटरहेडवर लिहून द्या,” एवढंच म्हणा. लिहून द्यायला सहसा कोणी तयार होत नाही आणि बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच वळणावर येते. नाहीच आली तर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा झालेल्या महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) माणूस पाठवू शकतं. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००.

काही खासगी रुग्णालयं ‘मोफत म्हणजे फक्त प्रथमोपचार’ असा अर्थ लावतात. कलमाचे शब्द ‘प्रथमोपचार किंवा वैद्यकीय उपचार’ असे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यात ओपीडी, भरती, तपासण्या, शस्त्रक्रिया आणि समुपदेशनही येतं असं स्पष्ट केलं. तो आदेश महाराष्ट्रावर थेट बंधनकारक नाही, पण प्रशासकापुढे ठेवायला उपयोगी आहे.

पहिल्या ७२ तासांत बिलावर काय नसावं

गर्भनिरोधक गोळी: लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच मात्रा. जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा द्यावी लागते. हे घरी सांगायचं राहून जातं.

एचआयव्ही टाळण्यासाठीचा औषधोपचार, म्हणजे पेप: पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत, आणि मग रोज एक गोळी असे २८ दिवस. सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात ही औषधं मोफत असतात. इथे हमखास दोन चुका होतात. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत पहिली मात्रा अडवून ठेवली जाते, ते गरजेचं नाही. दुसरी, खासगीत तीन-चार दिवसांच्या गोळ्या देऊन चिठ्ठी लिहून देतात आणि पुढचा डोस चुकतो. निघण्याआधी २८ दिवसांच्या गोळ्या कुठून मिळणार ते पक्कं करा. रक्त दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं.

यासोबत लैंगिक संसर्गावरची प्रतिजैविकं, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बी ची लस (आता, महिन्याने, सहाव्या महिन्यात). कपडे न धुता कागदी पिशवीत द्या. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा राहतो आणि नमुने खराब होतात. पुरावे गोळा करणं हाही तपासाचा भाग, त्याचे पैसे रुग्णाने द्यायचे नाहीत.

विमा कुठे लागतो

कलम ३९७ ला भोकं आहेत आणि ती माहीत असलेली बरी. त्यात ठरावीक गुन्हेच आहेत. सज्ञान स्त्रीचा विनयभंग करताना तिचा हात मोडला तर तो गुन्हा या यादीत नाही. सज्ञान पुरुषावरचा लैंगिक अत्याचार नाही. अठरा वर्षांवरील, एकत्र राहणाऱ्या पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती कायद्याने अजून बलात्कार धरली जात नाही, म्हणून तीही नाही. तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत वैद्यकीय मदत मागता येते. या सगळ्यांत, तसंच महिन्याभराने करावी लागलेली शस्त्रक्रिया किंवा मनोरुग्णालयातली भरती अशा वेळी, पॉलिसी कामाला येते.

पॉलिसी उघडून आधी हे पाहा. पहिल्या ३० दिवसांच्या प्रतीक्षा कालावधीतून, म्हणजे क्लेम मिळत नाही त्या काळातून (एक्सक्लूजन कोड ०३; पॉलिसीत काय बसत नाही, त्या यादीतले हे क्रमांक) अपघात वगळलेला असतो, आणि अपघाताची व्याख्या ‘अचानक, अनपेक्षित, अनैच्छिक, बाह्य, दृश्य आणि हिंसक कारणाने घडलेली घटना’ अशी असते. हल्ल्यातली दुखापत त्यात बसते, हे लेखी मांडा. कोड १० गुन्हा करणाऱ्या विमाधारकासाठी आहे, जिच्यावर गुन्हा झाला तिच्यासाठी नाही. कोड ०४ मात्र खरोखर आडवा येतो: केवळ तपासण्या आणि निरीक्षणासाठी भरती असेल तर क्लेम बसत नाही. म्हणून भरती उपचारासाठी असेल तर कोणते उपचार चालू आहेत ते डॉक्टरांच्या टिपणात दिसायला हवं.

कोड १८ मध्ये कायदेशीर गर्भपात वगळलेला असतो. बलात्कारातून गर्भ राहिला तर विम्यावर विसंबू नका, सरकारी रुग्णालय गाठा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा गर्भधारणेत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत, त्यापुढे दोघांचं. सज्ञान स्त्रीची स्वतःचीच संमती पुरते, नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही. तक्रार झालेली असेल तर गर्भाचा नमुना डीएनएसाठी जपायला आधीच सांगा. गुपचूप खासगीत उरकलं की हा पुरावा हमखास जातो.

मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्याच बरोबरीने विमा द्यावा, असं मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम २१(४) सांगतं. पण बहुतेक पॉलिसी २४ तासांच्या भरतीवरच पैसे देतात. समुपदेशनाची आठवड्याची बैठक ओपीडीत मोडते, आणि ओपीडीचं कव्हर घेतलं नसेल तर ती खिशातून जाते. तोवर टेलिमानस १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन मोफत आहे.

फॉर्म भरताना

क्लेम फॉर्मच्या पहिल्या भागात दुखापतीच्या कारणापुढे तीन चौकटी असतात: स्वतः केलेली इजा, रस्ता अपघात, मद्य किंवा अमली पदार्थ. हल्ल्यासाठी चौकटच नाही! घाईत टीपीए डेस्कवरचा मुलगा यातली कुठली तरी टिक करून टाकतो आणि महिन्याने ‘पॉलिसीत बसत नाही’ असं पत्र येतं. तिन्ही रिकाम्या ठेवा आणि बाजूला ‘दुसऱ्या व्यक्तीने केलेली दुखापत’ असं लिहा. त्याखाली एमएलसी (पोलिसांशी संबंधित प्रकरणाची रुग्णालयातली नोंद) आहे का, पोलिसांना कळवलं का, हे प्रश्न येतात. एमएलसी क्रमांक लिहा. एफआयआरची प्रत मागितलीच तर नाव-पत्ता ठेवून घटनेची हकीकत झाकलेली प्रत चालेल का, हे लेखी विचारा. कॅशलेसच्या फॉर्मवर मद्याविषयी वेगळा प्रश्न असतो. जबरदस्तीने किंवा फसवून काही पाजलं गेलं असेल तर डॉक्टरांनी तेच शब्द लिहायला हवेत, नुसतं ‘होय’ नाही.

डिस्चार्ज समरी सही होण्याआधी वाचा. निदान म्हणून प्रत्यक्ष दुखापत किंवा आजार लिहावा आणि हकीकतीसाठी ‘एमएलसी फाइलमध्ये नोंद’ एवढाच उल्लेख असावा, अशी विनंती करा. खोटं काही लिहायचं नाही. पण विमा कंपनीला पैसे द्यायला घटनेचा तपशील लागत नाही, आणि तीच समरी उद्या झेरॉक्सवाल्यापासून एचआरपर्यंत फिरते.

आणखी एक, आणि याने फार घोळ होतो. क्लेमचे एसएमएस पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्या मोबाइलवर जातात. नवऱ्याच्या, वडिलांच्या किंवा सासऱ्याच्या फ्लोटरवर (कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीवर) पीडित व्यक्ती असेल तर भरती होताच त्यांना कळतं. अत्याचार करणारा घरातलाच असेल तर ती पॉलिसी बाजूला ठेवा. सरकारी रुग्णालय किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय धरा.

बिल आलंच तर

हल्ला कलम ३९७ मध्ये बसतो आणि तरी पैसे भरले असतील, तर आधी रुग्णालयाकडेच परतावा लेखी मागा. नाही मिळाला तर बिलं, पावत्या, समरी यांचे दोन संच करा. मूळ कागद विमा कंपनीकडे जातात, म्हणून देण्याआधी रुग्णालयाचा शिक्का असलेल्या प्रती घ्या. त्या मनोधैर्य योजनेच्या अर्जाला लागतील. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून चालू असलेल्या या योजनेत १० लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकतं आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. मुलांसाठी बाल कल्याण समिती तातडीच्या गरजांसाठी पैसे द्यायची शिफारस करू शकते आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्यात ते मिळायला हवेत. एकच बिल दोन ठिकाणी पूर्ण वसूल करता येत नाही. कुठून किती मिळालं ते अर्जात खरं लिहा.

क्लेमची मुदत पॉलिसीत दिलेली असते, बहुधा डिस्चार्जपासून १५ ते ३० दिवस. उशीर झाला तर कारण लिहा. योग्य कारण असताना केवळ उशिरामुळे क्लेम फेटाळू नये, असा विमा नियामकाचा जुना आदेश आहे. नकार आला तर पॉलिसीतलं कोणतं कलम लावलं ते विचारा, मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटत नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याचे वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करा.

पुढे नवी पॉलिसी घेताना पीटीएसडी (आघातानंतर होणारा मानसिक आजार) किंवा नैराश्याचे उपचार झाले असतील तर निदान आणि औषधं जाहीर करा. लपवलं तर पुढचा क्लेम त्यावर अडतो. आधीच्या आजाराचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने असतो. ते निदान कशामुळे झालं, हे प्रपोजल फॉर्मवर आपणहून सांगायची गरज नाही.